तिमोर-लेस्ते : जाण्याआधी पडणारे प्रश्न

बालीहून पूर्वेला दोन तासांच्या आत विमान ज्या देशात उतरतं, त्याचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे इंडोनेशियातच ना?" नाही. आणि हे 'नाही' म्हणता यावं म्हणून तिथल्या लोकांनी केवढी किंमत मोजली, ते खाली येईलच. आधी नकाशा.

हा देश नेमका आहे कुठे?

इंडोनेशियाच्या बेटांची माळ पश्चिमेकडून पूर्वेकडे बघत गेलं, की जावा, बाली, लोंबोक, फ्लोरेस मागे पडल्यावर खालच्या अंगाला तिमोर नावाचं लांबट बेट दिसतं. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे तिमोर-लेस्ते. पश्चिमेचा अर्धा इंडोनेशियाचा. राजधानी दिली उत्तर किनाऱ्यावर आहे. दक्षिणेला तिमोर समुद्र आणि त्यापलीकडे ऑस्ट्रेलिया. दिलीहून डार्विन साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे जाकार्तापेक्षा ऑस्ट्रेलिया कितीतरी जवळ. या देशाचा इतिहास समजून घ्यायचा तर हे अंतर लक्षात ठेवावं लागतं.

पूर्व तिमोर, तिमोर-लेस्ते, तिमोर लोरोसाए. खरं नाव कोणतं?

अधिकृत नाव तिमोर-लेस्ते लोकशाही गणराज्य. मलय भाषेत 'तिमुर' म्हणजे पूर्व. पोर्तुगीजमध्ये 'लेस्ते' म्हणजेही पूर्व. थोडक्यात, देशाचं नाव 'पूर्व-पूर्व'. तिथल्या तेतुम भाषेत 'लोरोसाए' म्हणतात, म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू. सगळ्यांत गोड नाव तेच, पण पासपोर्टवर शिक्का लेस्तेचा बसतो.

केवढा आहे?

सुमारे १५,००० चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा यापेक्षा थोडा मोठा आहे. गोव्याच्या चौपट जमीन, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार माणसं मात्र साधारण १३ लाख ४० हजार, म्हणजे गोव्याहूनही कमी. यातले बरेचसे दिलीत आणि आसपास. उरलेला देश म्हणजे डोंगर, डोंगरावरची गावं आणि त्या गावांकडे जाणारे वळणावळणाचे रस्ते. पुणे जिल्ह्याएवढा म्हणजे दोन दिवसांत उरकेल, असा हिशेब कोणी करू नये. इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, तास मोजावे लागतात.

नकाशात पश्चिमेला याच देशाचा एक तुटका तुकडा दिसतो, तो काय प्रकार?

तो ओएकुसे. तिन्ही बाजूंनी इंडोनेशिया, चौथ्या बाजूला समुद्र. पोर्तुगीज या बेटावर चंदनासाठी आले आणि त्यांनी बस्तान बसवलं ते याच भागातल्या लिफाऊ इथे. पुढे १७६९ मध्ये राजधानी दिलीला हलवली, पण लिफाऊवरचा हक्क सोडला नाही. १८५९ मध्ये डच आणि पोर्तुगीजांनी कागदावर बेट वाटून घेतलं, तेव्हा पश्चिम डचांकडे गेली आणि हा तुकडा पोर्तुगीजांकडे राहिला. दोन युरोपीय राजवटींनी आखलेली ती रेघ आज दोन देशांची सीमा आहे. ओएकुसेच्या माणसाला स्वतःच्या राजधानीत जायचं तर बोट, छोटं विमान, नाहीतर मध्ये दुसरा देश ओलांडून रस्ता.

मग इंडोनेशियाचा भाग होता ही गोष्ट खोटी का?

खोटी नाही, अर्धवट आहे. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये लष्करी क्रांती झाली आणि पोर्तुगालने वसाहती सोडायला सुरुवात केली. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिन पक्षाने दिलीत स्वातंत्र्य जाहीर केलं. ते टिकलं नऊ दिवस. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य उतरलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने हा आपला २७ वा प्रांत म्हणून जाहीर केला. पुढची २४ वर्षं डोंगरात गनिमी लढा, खाली गावांत उपासमार आणि सक्तीची स्थलांतरं. पुढे नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजानुसार या काळात किमान एक लाखाच्या वर माणसं मेली. त्यातली बहुसंख्य गोळीने नाही, भुकेने आणि आजाराने.

जगाचं लक्ष गेलं ते १२ नोव्हेंबर १९९१ ला. दिलीच्या सांताक्रूझ दफनभूमीत जमलेल्या तरुणांवर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात दोनशेहून अधिक मेल्याचं मानलं जातं. ब्रिटिश पत्रकार मॅक्स स्टाल यांनी ते चित्रित केलं, पकडले जाण्याआधी फिती तिथल्याच एका थडग्यात पुरल्या आणि नंतर परत येऊन काढून नेल्या. १९९६ चं शांततेचं नोबेल याच देशाच्या बिशप कार्लोस बेलो आणि जोसे रामोस-होर्ता यांना मिळालं. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशिया नाकारला. त्याचा सूड म्हणून जाताजाता इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी देश जाळला. घरं, शाळा, वीज, सगळं. मग संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन आलं आणि २० मे २००२ रोजी स्वातंत्र्य परत मिळालं. तिथले लोक 'मिळालं' म्हणत नाहीत, 'पुनःस्थापित झालं' म्हणतात. कारण घोषणा १९७५ चीच धरायची.

विशेष म्हणजे आज इंडोनेशियाशी संबंध चांगले आहेत. दुकानातला माल तिकडचा, टीव्हीवरच्या मालिका तिकडच्या. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी तिमोर-लेस्ते आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, अकरावा सदस्य झाला. अर्ज २०११ चा होता.

गोव्याशी संबंध होता म्हणतात, तो किती खरा?

बराच खरा. पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा सगळा पसारा 'एस्तादो दा इंदिया' या नावाखाली गोव्यातून चालायचा. १८४४ पर्यंत तिमोरचा गव्हर्नर गोव्यातल्या वरिष्ठांच्या अखत्यारीत होता. त्यानंतर कारभार मकावकडे गेला. १९७४ च्या ज्या क्रांतीने तिमोरचं दार उघडलं, त्याच क्रांतीनंतर पोर्तुगालने गोव्याचं १९६१ चं विलीनीकरण मान्य केलं. एकाच घटनेची दोन टोकं.

भाषेत तर हे नातं आजही ऐकू येतं. तेतुममध्ये पावाला 'पाऊन', साबणाला 'साबाऊन', चावीला 'शावे', मेजाला 'मेझा' आणि नाताळला 'नाताल'. खिडकीला 'जनेला' म्हणतात, हे ऐकून गोंयकार हसल्याशिवाय राहणार नाही.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा कसा मिळतो?

दिली विमानतळावर उतरल्यावर मिळतो. ३० दिवसांचा पर्यटक व्हिसा, शुल्क ३० अमेरिकी डॉलर, रोख. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि किमान सहा महिने वैध पासपोर्ट हाताशी ठेवा. पश्चिम तिमोरमधून रस्त्याने येणार असाल तर मात्र ही सोय गृहीत धरू नका. जमिनीवरच्या सीमेसाठी आधी परवानगीचं पत्र काढावं लागतं. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी तिथल्या स्थलांतर विभागाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बालीमार्गे जाऊन बालीमार्गेच परत येणार असाल, तर इंडोनेशियाचा आगमनावर मिळणारा व्हिसा एकदाच प्रवेश देतो. विमानतळाबाहेर पडणार असाल तर परतताना तो पुन्हा घ्यावा लागतो. खर्चात दोनदा धरा.

थेट विमान आहे का?

भारतातून नाही. मुंबईहून बाली किंवा सिंगापूर गाठायचं आणि तिथून दिली. डार्विनहूनही विमान आहे, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते सोयीचं. दिलीची विमानं मोजकी असतात, वेळापत्रक बदलतं. एकाच दिवसात दोन्ही उड्डाणं जुळवण्याच्या नादी लागू नका, मध्ये एक रात्र ठेवा. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी इंडोनेशियाच्या बाजूच्या कुपांग शहराहून बस आहे. पश्चिम तिमोर आडवा कापत, मोताआइन आणि बातुगादे या सीमेवरून. सकाळी निघालं की संध्याकाळ होते.

कधी जावं?

मे ते नोव्हेंबर कोरडा काळ. डिसेंबर ते एप्रिल पाऊस. पावसात डोंगराळ रस्ते दरडींनी बंद होतात. एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा चक्रीवादळाच्या वेळी खुद्द दिलीत पूर येऊन माणसं दगावली होती. मे-जूनमध्ये डोंगर अजून हिरवे असतात आणि रस्ते उघडलेले. सप्टेंबरनंतर सगळं करपून पिवळं पडतं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिलीसमोरच्या खोल सामुद्रधुनीतून देवमासे जातात, तेव्हा त्यासाठीही लोक मुद्दाम येतात.

सार्वजनिक सुट्ट्यांवरही नजर टाका. २० मे, ३० ऑगस्ट, १२ नोव्हेंबर, २८ नोव्हेंबर, ७ डिसेंबर. वरचा इतिहास वाचला असेल तर प्रत्येक तारखेचं कारण कळेल. शिवाय २ नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातो.

चलन कोणतं? रुपये चालतात का?

रुपये नाही चालत. चलन अमेरिकी डॉलर. फक्त नाणी स्वतःची आहेत, त्यांना सेंतावो म्हणतात, आणि ती देशाबाहेर कुठेच चालत नाहीत; उरलेली विमानतळावर कॉफीत खर्च करा. नोटा स्वच्छ आणि नव्या न्या. फाटकी, लिहिलेली, जुनी नोट दुकानदार शांतपणे परत देतो. दिलीत एटीएम आहेत, बाहेर पडताना मात्र रोकड जवळ हवी, तीही सुट्टी. डोंगरातल्या दुकानात ५० डॉलरची नोट काढणं म्हणजे आपल्याकडे कधीकाळी एसटीत दोन हजाराची काढण्यासारखं होतं.

स्वस्ताई शोधत येणाऱ्याची निराशा होईल. खोल्या आणि भाड्याची गाडी बालीपेक्षा महाग पडतात. जवळजवळ सगळा माल बाहेरून येतो, हे त्यामागचं साधं कारण.

इंग्रजीवर भागेल का?

दिलीतल्या हॉटेलात भागेल. अधिकृत भाषा दोन, तेतुम आणि पोर्तुगीज. राज्यघटनेने इंडोनेशियन आणि इंग्रजीला कामकाजाच्या भाषा म्हणून जागा दिली आहे. शिवाय माम्बाई, माकासाए, बुनाक, फातालुकू अशा तीसेक स्थानिक भाषा. त्यातल्या काही थेट पापुआच्या कुळातल्या, म्हणजे शेजारच्या तेतुमशी त्यांचं नातंच नाही. एकाच घरात आजोबांना पोर्तुगीज येतं, वडील इंडोनेशियन शाळेत शिकलेले आणि मुलगी इंग्रजी गाणी म्हणते. बाजारात लहान आकडे तेतुममध्ये आणि मोठे इंडोनेशियन किंवा पोर्तुगीजमध्ये सांगतात, त्यामुळे भाव विचारताना बोटांची मदत घ्या.

एवढं पाठ करून जा : सकाळी 'बोंदिया', दुपारी 'बोतार्दे', रात्री 'बोनोइते'. 'दियाक का लाए?' म्हणजे बरं आहे ना? आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादू', बाईने 'ओब्रिगादा'. तुमच्याकडे बघून पोरं 'मालाए! मालाए!' ओरडतील. मालाए म्हणजे परदेशी. त्यात टोमणा नसतो, हात हलवून उत्तर द्या.

देशात फिरायचं कसं?

दिलीत मिक्रोलेत. या रंगीबेरंगी छोट्या व्हॅन ठरलेल्या क्रमांकाच्या मार्गावर धावतात. उतरायचं असलं की हातातलं नाणं छताच्या लोखंडी दांडीवर टकटक वाजवायचं, ड्रायव्हर थांबतो, तेच नाणं त्याला द्यायचं. संध्याकाळ झाली की त्या बंद होतात. मग टॅक्सी. पिवळीला भाव आधी ठरवा.

दिलीबाहेर बसला 'बिसकोता' म्हणतात, आणि जिथे बस जात नाही तिथे 'आंगुना', म्हणजे बाकं टाकलेला ट्रक. त्यात माणसं, तांदळाची पोती, डुकरं आणि कोंबडे सगळे एकत्र. स्वतः गाडी चालवायची असेल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. चारही चाकांना जोर असलेलीच गाडी घ्या. दिली ते मौबिस्से हे अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात सकाळ जाते. अंधारात गाडी चालवू नका : रस्त्यावर म्हशी असतात, दिवे नसतात.

दिलीत काय पाहायचं?

बहुतेक जण क्रिस्तो रेईला जातात, समुद्रात घुसलेल्या टेकडीवरचा येशूचा २७ मीटर उंच पुतळा. ही सुहार्तोंची १९९६ मधली भेट. २७ मीटर कारण २७ वा प्रांत. प्रांत गेला, पुतळा राहिला, आणि आता शहर पहाटे त्याच पायऱ्यांवर व्यायामाला येतं. इथले जवळजवळ सगळे लोक कॅथलिक आहेत. पोप फ्रान्सिस सप्टेंबर २०२४ मध्ये आले तेव्हा तासितोलूच्या मैदानात सुमारे सहा लाख लोक जमले होते. म्हणजे जवळजवळ अर्धा देश.

माझं मत विचाराल तर पहिला दिवस पुतळ्याला देऊ नका. आधी प्रतिकार लढ्याचं संग्रहालय, मग बालिदे भागातला जुना तुरुंग. 'शेगा!' नावाचं प्रदर्शन तिथे आहे. 'शेगा' म्हणजे 'पुरे झालं'. कैद्यांच्या कोठड्या तशाच ठेवल्या आहेत. त्यानंतर सांताक्रूझ दफनभूमी. हे पाहिलं की चहाच्या टपरीवरच्या पन्नाशीच्या माणसाशी बोलताना आपला आवाज आपोआप बदलतो.

दिलीबाहेर कुठे?

तीन ठिकाणं, वेळ असेल तर तिन्ही.

रामेलाऊ, किंवा फोहो तातामाइलाऊ. २,९०० मीटरहून उंच. आपल्या कळसूबाईची १,६४६. पोर्तुगीज काळात पोरांना शिकवत की साम्राज्यातला सर्वांत उंच पर्वत हाच. हातो बुइलिको गावात मुक्काम करून पहाटे तीनला निघायचं, माथ्यावर मरियमेचा पुतळा आहे, तिथे सूर्योदय. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढ जड जाणार नाही. थंडी जड जाईल. वरती दात वाजतात, विषुववृत्तीय देश म्हणून पातळ शर्टावर जाऊ नका.

आताउरो. दिलीसमोर दिसणारं बेट, बोटीने गाठायचं. २०१६ च्या एका सागरी पाहणीत इथल्या प्रवाळांवर एकाच ठिकाणी सरासरी अडीचशे जातींचे मासे मोजले गेले. नुसता चष्मा आणि नळी लावून पाण्यात डोकं घातलं तरी पुष्कळ दिसतं. आदारा गावातल्या बायका लाकडी चौकटीचे चष्मे घालून भाल्याने मासे मारतात. काही भागात 'तारा बांदू' लागू असतो, म्हणजे गावाने ठरवलेली मासेमारीबंदी. आपल्या देवराईचा समुद्रातला भाऊ समजा आणि गाव मागेल ते शुल्क द्या.

जाको. अगदी पूर्वेच्या टोकापलीकडचं निर्मनुष्य बेट. लुलिक, म्हणजे पवित्र. कोळी होडीने पोहोचवतात, पण रात्री तिथे राहायचं नाही. दिलीहून तुतुआलापर्यंत पूर्ण दिवसाचा रस्ता आहे. वाटेत बाउकाऊला मुक्काम करणं शहाणपणाचं. लोस्पालोसच्या बाजूला उंच खांबांवरची उतरत्या छपरांची पवित्र घरं दिसतात, तिथे विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

मगरींचं काय खरं?

सगळं खरं. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी किनाऱ्यावर, खाडीत, नदीमुखाशी असतात आणि दरवर्षी माणसांवर हल्ले होतात. तरी तिथले लोक मगरीला 'अवो' म्हणतात, म्हणजे आजोबा. गोष्ट अशी, की उन्हात होरपळणाऱ्या मगरीच्या पिल्लाला एका मुलाने उचलून पाण्यात सोडलं. पिल्लू मोठं झालं, मुलाला पाठीवर घेऊन समुद्रभर हिंडलं, आणि मरताना स्वतःचंच बेट झालं. डोंगररांग म्हणजे त्याच्या पाठीवरचे खवले. आजोबा वाईट माणसालाच धरतात अशी समजूत आहे. आपण किती चांगले आहोत हे तपासायची ती जागा नव्हे. स्थानिक लोक जिथे पोहत नाहीत तिथे पोहू नका, दक्षिण किनाऱ्यावर तर मुळीच नाही.

तब्येतीची काय काळजी घ्यावी?

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये देशाला मलेरियामुक्त जाहीर केलं, ही छोट्या देशासाठी मोठी गोष्ट. डेंग्यू मात्र आहे, डासांचं मलम न्या. नळाचं पाणी पिऊ नका. कुत्रा चावला तर थेट दवाखाना गाठा. मोठं सरकारी रुग्णालय दिलीत आहे, पण गंभीर रुग्णाला विमानाने परदेशी हलवावं लागतं. त्या खर्चाचा समावेश असलेला प्रवास विमा काढाच. चोरीमारी इतर कुठल्या शहराइतकीच. रात्री समुद्रकिनाऱ्यावर एकटं फिरू नये, एवढं पुरे.

खायला काय मिळतं? शाकाहारी माणसाचं काय?

मासे खाणाऱ्याची चंगळ. 'साबुको' म्हणजे आपल्या सुरमईच्याच घराण्यातला मासा. चिंचेत मुरवून निखाऱ्यावर भाजतात. सोबत भात आणि 'आइ-मानास', म्हणजे झणझणीत मिरचीचा ठेचा, घरोघरी वेगळा. नारळाच्या झावळीत विणून शिजवलेल्या भाताला 'कातुपा' म्हणतात. शाकाहारी माणसाने 'बातार दाआन' मागावं : मका, भोपळा आणि मूग एकत्र शिजवलेले. शिवाय टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), पपईच्या पाल्याची भाजी. गावात ऑम्लेट-भातावर दिवस काढायची तयारी ठेवा. दिलीत भारतीय जेवण मिळतं.

कॉफी मात्र चुकवू नका. एर्मेरा, लेतेफोहो, मौबिस्सेच्या डोंगरात, उंच झाडांच्या सावलीत ती पिकते. याच बेटावर अरेबिका आणि रोबस्टा यांचा निसर्गतःच संकर झाला आणि तांबेरा रोगाला तोंड देणारं झाड जन्मलं. त्या 'तिमोर संकरा'चं रक्त पुढे जगभरच्या मळ्यांत गेलं, भारतातल्या 'कावेरी' जातीतही. म्हणजे चिकमंगळूरची कॉफी पीत असाल, तर या देशाशी तुमची ओळख झालेली असू शकते.

वेळ, वीज, फोन?

घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे. पुण्यात सकाळचे साडेआठ म्हणजे दिलीत बारा. पश्चिम तिमोर एक तास मागे आहे, सीमा ओलांडताना लक्षात ठेवा. वीज २२० व्होल्ट, पिनांचे प्रकार अनेक, तेव्हा सगळीकडे चालणारा अडॅप्टर न्या. सिमकार्ड तेलकोमसेल, तिमोर टेलिकॉम किंवा तेलेमोरचं. डोंगरात रेंज जाते.

येताना काय आणावं?

कॉफी आणि ताइस. हातमागावरचं हे कापड बायका विणतात, प्रत्येक भागाचे रंग आणि नक्षी वेगळी. २०२१ मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या यादीत घेतली. दिलीत ताइसचा स्वतंत्र बाजार आहे. हाताने रंगवलेल्या सुताचं कापड महाग असतं, त्यात घासाघीस फार करू नये. एकेक विणायला आठवडे जातात.

किती दिवस काढावेत?

पाच दिवसांत दिली आणि आताउरो. आठ दिवसांत रामेलाऊही. जाकोसह सगळं म्हणाल तर बारा. शेवटचे दोन दिवस दिलीत मोकळे ठेवा, कारण बोट रद्द होते, दरड कोसळते, आणि बालीचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.